तोफेची बैठक

किल्ले पाहावयास जाणारा मनुष्य तोफ पाहतो ती बहुधा तिच्या नळीपुरती पाहतो. औसा, उदगीर आणि कंधार ह्या तिन्ही भुईकोटांत ज्या तोफा अद्याप उरल्या आहेत त्यांची लांबी वावेने मोजावी, तोंडात हात घालून पाहावा, पाठीवर काही कोरलेले असल्यास ते वाचण्याची खटपट करावी आणि पुढच्या बुरुजाकडे वळावे, असा सर्वसाधारण परिपाठ आहे. परंतु ज्या लाकडी गाड्यावर किंवा ज्या लोखंडी बेचक्यात ती नळी एके काळी आरूढ झालेली होती, ज्याच्या आधाराने ती वर उचलली जाई, डावी-उजवीकडे फिरे आणि बार झाल्यावर स्वतःच्याच गोलंदाजांस चिरडून न टाकता जागच्या जागी राही, ते सारे साहित्य वाळवीने, पावसाने आणि भंगारवाल्याने कधीच फस्त केलेले असल्यामुळे, तोफ म्हणजे नळी असा एक समज आपल्या मनात नकळत रूढ होऊन बसला आहे. नांदेडास हुजूर साहिबाच्या तख्तावरील शस्त्रांस दिवाळीच्या सुमारास गोदावरीच्या जलाने स्नान घातले जाते, त्यांचे लोखंड घासून-पुसून लख्ख ठेवले जाते. तितके भाग्य ह्या किल्ल्यांतील तोफांच्या वाट्यास आले नाही, आणि तोफगाड्यांच्या वाट्यास तर मुळीच आले नाही. प्रस्तुत लेखकाचे मत असे आहे की, तोफेचा खरा इतिहास नळीत नसून तिच्या बैठकीत आहे. आणि नांदेड व लातूर ह्या दोन जिल्ह्यांचा मुलूख हे मत पडताळून पाहण्यास फार सोयीचा आहे.

नळी ओतणे हे काम अवघड होते खरे, तथापि ते एकदाच करावयाचे काम होते. पितळ किंवा पंचरस वितळवून साच्यात ओतावा, किंवा लोखंडाच्या पट्ट्या उभ्या जुळवून त्यांवर तापलेली कडी चढवावीत, आणि वस्तू एकदा सिद्ध झाली की ती शतकानुशतके टिकावी, असा तो प्रकार. उलट, बार उडताच गोळा जितक्या आवेगाने पुढे जातो तितकाच आवेग नळीस मागे लोटतो, आणि हा मागचा धक्का प्रत्येक बाराला नव्याने सोसावा लागतो. नळी जड असेल तर धक्का मंद लागेल, पण मग ती हलविता येणार नाही. हलकी असेल तर हलेल, पण मग एक बार होताच गाड्यासकट दहा पावले मागे सरकून तिचा नेम हरपेल. सोळाव्या शतकापासून आजपर्यंत तोफ बसविणाऱ्या प्रत्येक कारागिरापुढे हाच पेच उभा आहे.

दख्खनच्या सुलतानशाह्यांनी ह्या पेचाचे उत्तर प्रथम दगडात शोधले. नळीच्या मध्याजवळ दोन्ही बाजूंस ओतीव आडखुंटे काढावयाचे, ते खुंटे लोखंडी बेचक्याच्या दोन फाट्यांत बसवावयाचे, आणि त्या बेचक्याचा खालचा दांडा बुरुजाच्या माथ्यावरील दगडी उखळीत उभा करावयाचा, म्हणजे नळी खुंट्यांवर वर-खाली झुलते आणि दांड्याभोवती चक्राकार फिरते. तिच्या पिछाडीस वर्तुळाकार बळकट चिरेबंदी केली की धक्का सारा त्या दगडात जिरतो. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही योजना दख्खनच्या किल्ल्यांत पसरली, आणि तिच्यासाठी जुने अरुंद बुरुज पाडून रुंद, वाटोळे आणि तटाहून उंच बुरुज बांधण्याची प्रथा पडली. विजापूरचा उपली बुरुज आणि नळदुर्गचा त्याच नावाचा उत्तुंग बुरुज ही तिची ठळक उदाहरणे होत. नळदुर्गच्या बुरुजावर हत्ती तोफ आणि मगर तोफ अशा दोन तोफा आजही दाखवितात. बुरुज ही त्या काळातील तोफेची खरी बैठक होती. किल्लेदाराने बुरुजावर तोफ नेली असे म्हणण्यापेक्षा, तोफेसाठी बुरुज उभारला असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

परंतु ह्या बैठकीत एक दोष होता, आणि तो असा की ती जागची हलत नसे. मुलूख-इ-मैदान ह्या जगप्रसिद्ध तोफेची हकिकत ह्या संदर्भात आठवण्याजोगी आहे. १५४९ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीत मुहम्मद बिन हसन रूमी ह्या ओतकामगाराने ती ओतली. लांबी सुमारे साडेचार मीटर, तोंडाचा व्यास सुमारे ७० सेंटिमीटर, वजन सुमारे ५५ टन. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यावर होती, आणि १६३२ मध्ये आदिलशाहीचा सरदार मुरार जगदेव याने ती विजापुरास नेली तेव्हा दहा हत्ती, चारशे बैल आणि शेकडो माणसे तिला जुंपावी लागली. हे कष्ट सोसून ती जेथे नेली तेथे ती पुन्हा एका बुरुजावरच चढली. जी तोफ हलविण्यास अशी अख्खी छावणी लागते, तिला हलती म्हणणे म्हणजे शब्दांशी खेळणे होय.

आमच्या प्रदेशातील तीन किल्ल्यांच्या नशिबी ह्याच सुमारास वेढे आले. कासीम बरीदाच्या काळापासून कंधार, औसा आणि उदगीर ही तिन्ही ठाणी एकाच जहागिरीत नांदलेली. त्यांच्यावर बिदरची, अहमदनगरची आणि विजापूरची दृष्टी आळीपाळीने फिरत राहिली. राष्ट्रकूट तिसऱ्या कृष्णाच्या काळापासून प्रसिद्धीस आलेले कंधार १६३१ च्या मे महिन्यात शहाजहानचा सरदार नसीरीखान याने घेतले, आणि ह्या वेढ्याचे चित्र पयाग नावाच्या चित्रकाराने ‘पादशाहनामा’ ह्या ग्रंथाच्या बादशाही प्रतीसाठी काढले, जी प्रत आज इंग्लंडात विंडसर येथील राजसंग्रहात आहे. नांदेड जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावाची लढाई इतक्या थोर कुंचल्याने रंगविली गेली आहे हे आमच्याकडील पुष्कळ सुशिक्षितांसही ठाऊक नसते. पुढे १६३६ मध्ये खान दौरानने उदगीर आणि औसा ही दोन्ही ठाणी हस्तगत केली. बुरुजावरची तोफ कितीही गरगर फिरली तरी शत्रूने तिच्या टप्प्याबाहेर राहून रसद तोडण्याचे किंवा तटाखाली सुरुंग लावण्याचे ठरविले, की तिच्या फिरण्यास फारसा अर्थ उरत नाही.

म्हणून तोफ चालती करणे भाग होते, आणि येथे मराठवाड्याची भूमी आडवी येत होती. मांजरा, तेरणा, लेंडी आणि गोदावरी ह्या नद्यांच्या खोऱ्यांतील काळी जमीन उन्हाळ्यात हातहात भेगाळते आणि पावसाळ्यात अशी चिकट होते की रिकामी बैलगाडीदेखील आखापर्यंत रुतावी. ह्या जमिनीत जो गाडा चालतो त्याचे शास्त्र येथील सुतार-लोहारांस पिढ्यान्‌पिढ्या अवगत होते: तुंबा आणि पुट्ठे बाभळीचे, कारण ती चिवट, आरे घट्ट ठोकलेले, वरून लोखंडी धाव तापवून चढविलेली आणि पाणी टाकून आवळलेली. परंतु धान्याच्या गाडीचे ओझे निमूट बसून असते आणि तोफगाड्याचे ओझे दर बाराला लाथ मारते, हा भेद त्या शास्त्राच्या कक्षेत बसत नव्हता. धान्याची गाडी आखावर तोलली की काम संपते. तोफगाड्यास मात्र पाठीमागे लांब सोंड काढून ती जमिनीस टेकवावी लागते, म्हणजे धक्का आखावरून सोंडेत आणि सोंडेतून मातीत उतरतो; आणि माती काळी व भिजलेली असेल तर सोंड तिच्यात रुतून दुसऱ्या बाराच्या वेळी नळीचे तोंड आभाळाकडे होते. उदगिराहून औशाकडे जाणाऱ्या जुन्या वाटेने पावसाळ्यात पायी चालून पाहिलेल्यास ह्याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

औरंगजेबाच्या छावणीबरोबर १६६४ च्या अखेरीस काश्मीरच्या वाटेस लागलेला फ्रेंच प्रवासी बर्निये याने बादशाही तोफखान्याचे जे वर्णन केले आहे त्यात ह्या प्रश्नाची तीन निरनिराळी उत्तरे एकत्र पाहावयास मिळतात. पहिले म्हणजे जड तोफखाना, सत्तर तोफांचा, ज्यातील काही तोफांस वीस-वीस बैलजोड्या लागत आणि चढावावर हत्ती मस्तकाने व सोंडेने चाकांस रेटा देत. दुसरे म्हणजे रिकाबीचा तोफखाना, पन्नास-साठ लहान पितळी तोफांचा, प्रत्येक तोफ स्वतंत्र, रंगविलेल्या, सुबक गाड्यावर आणि तिला दोन घोडे. तिसरे उत्तर आम्हांस सर्वांत मनोवेधक वाटते: दोन-तीनशे उंट, आणि प्रत्येक उंटाच्या पाठीवर फिरत्या खुंट्यावर बसविलेली एक लहान तोफ, जिला जंबुरा किंवा सुतरनाळ म्हणत. बुरुजावरचे बेचके येथे उंटाच्या खोगिरावर आले. उंटास खाली बसवावे, खोगिरावरील खुंट्याभोवती नळी हव्या त्या दिशेस फिरवावी, बत्ती द्यावी, आणि पुन्हा उंट उठवून दुसरीकडे न्यावा. हत्तीवर तीच योजना केली म्हणजे गजनाळ झाली. चालत्या वाहनावर, चोहोंकडे फिरणारी, एका-दोघांच्या हुकमतीतील तोफ ही जी कल्पना पुढे रणगाड्याच्या रूपाने जगापुढे आली, तिचे बीज ह्या खोगिरात होते असे म्हणण्यास हरकत दिसत नाही. मात्र उंटास धक्का सोसेल एवढीच नळी ठेवावी लागे, त्यामुळे गोळाही लहान. तट फोडण्याचे काम जंबुऱ्याच्या आवाक्यातील नव्हे.

यांत्रिक बुद्धीचा आणखी एक पुरुष ह्या ओघात उल्लेखणे योग्य होईल, कारण तो दख्खनवरूनच उत्तरेस गेला. मीर फतहुल्ला शिराझी हा पहिल्या अली आदिलशाहाच्या निमंत्रणावरून विजापुरास आलेला पंडित, त्या सुलतानाच्या मृत्यूनंतर १५८३ मध्ये अकबराच्या दरबारी दाखल झाला. कूच करताना सुटी करून नेता यावी आणि मुक्कामी पुन्हा जोडता यावी अशी तोफ, एका बत्तीने सतरा नळ्या उडाव्यात अशी जोडणी, बैलाच्या बळावर एकाच वेळी सोळा नळ्या साफ करणारे चक्र, अशी जी यंत्रे ‘आईन-इ-अकबरी’त वर्णिली आहेत ती तेथे बादशहाच्या नावावर असली तरी त्यांतील काहींचे श्रेय अभ्यासक फतहुल्लास देतात. बादशहाच्या नावाने कारागिराचे काम नोंदले जाणे ही दफ्तराची जुनीच रीत आहे.

आता उदगीरच्या लढाईकडे वळावयास हवे. तिची आठवण शाळेत पानिपतची प्रस्तावना म्हणून करून दिली जाते, आणि त्यामुळे तिच्यावर अन्याय होतो. १७५९ च्या अखेरीस अहमदनगरचा किल्ला पेशव्यांकडे आला, निजामाशी बिघाड झाला, आणि सदाशिवरावभाऊंनी निजामाच्याच पदरी वाढलेला इब्राहिमखान गारदी आपल्याकडे ओढला. गारदी हा बुसी ह्या फ्रेंच सेनानीच्या पद्धतीत तयार झालेला, कवायती पायदळ व हलका तोफखाना एकत्र चालविण्यात निष्णात. निजाम सलाबतजंग आणि त्याचा बंधू निजामअली ह्यांची फौज धारूरकडे सरकून तेथील आपल्या दुसऱ्या फौजेस मिळू पाहत होती. तिने उदगीर सोडले ते पोकळ चौकोनाच्या रचनेत, म्हणजे बाहेरच्या चार बाजूंस तोफा व पायदळ आणि मध्ये बुणगे, खजिना, हत्ती. ही रचना स्थिर असेतोवर अभेद्य. पण ती चालू लागली की तिची अवस्था ज्या गतीने तिच्यातील सर्वांत जड तोफ चालेल त्या गतीवर अवलंबून. मराठी घोडदळ तिच्या भोवती घिरट्या घालून तिला थांबवी, थांबली की गारद्याच्या तोफा पुढे येऊन मारा करीत, ती पुन्हा चालू लागली की घोडदळ पुन्हा पुढे. आणि ह्याप्रमाणे उदगीर ते औसा ही वाट निजामाच्या फौजेने मुंगीच्या पावलांनी काटली. ३ फेब्रुवारी १७६० रोजी औशाच्या परिसरात चौकोनाची एक बाजू फुटली आणि पुढच्या काही दिवसांत तह ठरला: सुमारे ६० लक्ष उत्पन्नाचा मुलूख, आणि दौलताबाद, अशीरगड, बऱ्हाणपूर, विजापूर अशी नामांकित स्थळे.

ह्या यशाचे श्रेय कोणी भाऊंच्या धोरणास देतात, कोणी गारद्याच्या कवायतीस. दोन्ही खरे, परंतु लढाई फेब्रुवारीत झाली ही गोष्ट आम्हांस तितकीच महत्त्वाची वाटते. रब्बीची पिके उभी, काळी जमीन वाळून टणक, नद्यांना उतार. गाड्याची सोंड जेथे टेकेल तेथे टिकावी असे ते दिवस. हीच लढाई श्रावणात झाली असती तर दोन्हीकडच्या तोफा चिखलात बसून राहिल्या असत्या आणि निकाल तलवारीने लागला असता. सुमारे अकरा महिन्यांनी पानिपतावर जे घडले त्याचा विचार करताना, उदगिरास ज्या तोफांनी सावकाश चालणाऱ्या शत्रूस जेरीस आणले त्याच प्रकारच्या तोफा वेगाने फिरणाऱ्या शत्रूपुढे किती उपयोगी पडतील, हा प्रश्न भाऊंच्या मनात आला असेल की नाही, असा विचार मनास चाटून जातो.

पुढील शतकाचा वृत्तांत थोडक्यात आटोपता येईल. रेमों ह्या फ्रेंच सरदाराने निजामअलीच्या चाकरीत हैदराबादेस तोफा ओतण्याचा कारखाना उभारला. ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्यास त्याच्या पलटणी मराठ्यांसमोर उभ्या ठाकल्या. १७९८ मध्ये तो वारला आणि त्याच वर्षी इंग्रजांनी त्या पलटणी मोडून काढल्या. मराठ्यांच्या तोफखान्याविषयी एडवर्ड मूर ह्या इंग्रज अधिकाऱ्याने १७९०–९१ च्या धारवाडच्या वेढ्यात जे पाहिले ते आमच्या अभिमानास पोषक नाही: तोफ एकदा ठासावी, मग सर्वांनी अर्धा तास गप्पा मारीत तंबाखू ओढावी, मग बार करावा. मूर हा परकी आणि त्यातून चेष्टेखोर, हे जमेस धरले तरी त्याच्या चेष्टेत एक तथ्य उरते. गाडा बाराबरोबर जागचा हलत असेल तर तो पुन्हा ओढून आणणे, पुन्हा नेम धरणे ह्यात वेळ जाणारच. इंग्रजांनी हे मर्म आधी ओळखले. कंपनी सरकारने काशीपूर येथे १८०१ मध्ये जो कारखाना काढला आणि ज्यापासून भारतातील आयुधनिर्माणींची परंपरा मोजली जाते, तो आरंभी तोफगाड्यांचा कारखाना होता. नळ्या पुढे आल्या. जबलपूरचा तोफगाड्यांचा कारखाना १९०४ चा.

मूळ पेच सुटला तो १८९७ मध्ये, फ्रान्समध्ये. ७५ मिलिमीटरच्या त्या प्रख्यात फ्रेंच तोफेत नळी गाड्यास घट्ट बांधलेली नव्हती. बार होताच ती एका पाळण्यावरून सुमारे मीटरभर मागे सरके, तिचा आवेग तेलाच्या व दाबलेल्या हवेच्या नळकांड्यांत मुरे, आणि तीच हवा तिला पुन्हा पूर्वस्थळी आणून सोडी. गाडा जागचा हलत नसे. नेम कायम राही, आणि मिनिटास पंधरा बार सहज होत. चारशे वर्षे दगड, लाकूड, माती आणि उंट ह्यांनी जो धक्का सोसला तो आता तेलाने गिळला. एकदा हे साधल्यावर तोफ चालत्या, बंदिस्त पेटीत बसविणे शक्य झाले: १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या रणभूमीवर पहिले रणगाडे उतरले तेव्हा त्यांच्या तोफा दोन कुशींना बसविलेल्या होत्या, आणि पुढच्याच वर्षी रेनॉ कंपनीच्या लहान रणगाड्याने डोक्यावर चोहोंकडे फिरणारा बुरूज घेतला. मराठीत ह्या भागास बुरूज म्हणण्याचा प्रघात पडला आहे, आणि तो प्रघात अगदी योग्य आहे.

असे रणगाडे आमच्या मुलखात आले ते १९४८ साली. १३ सप्टेंबरच्या पहाटे मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या आधिपत्याखालील चिलखती डिव्हिजन सोलापुराहून निघाली. बोरी नदीवरील पूल हैदराबादच्या सैन्याने उडविण्यापूर्वीच हस्तगत झाला आणि नळदुर्ग पडले. उपली बुरुजावरील हत्ती तोफ आणि मगर तोफ ज्या रस्त्यावर रोखण्यासाठी एके काळी चढविल्या होत्या, त्याच रस्त्याने स्टुअर्ट जातीचे हलके रणगाडे पुढे गेले आणि नळदुर्गाजवळच्या जळकोट येथे त्यांची हैदराबादच्या चिलखती गाड्यांशी गाठ पडली. (हे जळकोट तुळजापूर तालुक्यातील, आजच्या लातूर जिल्ह्यातील जळकोट वेगळे.) तुळजापूरला दोन तास चकमक झाली, पुढे लोहाऱ्याकडे सरकणारी तुकडी मात्र नदीस पूर आल्यामुळे थबकली. १७६० च्या फेब्रुवारीविषयी वर जे म्हटले त्याचा हा सप्टेंबरातील प्रत्यय समजावा. दुसरीकडून जालन्याहून निघालेली गुरख्यांची व आठव्या कॅव्हलरीची तुकडी लातुरास आणि तेथून मोमिनाबादेस, म्हणजे अंबाजोगाईस, पोहोचली. तेथे गोवळकोंडा लान्सर्सनी नावापुरता प्रतिकार करून शस्त्रे ठेवली. १७ तारखेस सर्व संपले. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातील एक तालुका होता आणि उदगीर तर १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते. लातूर जिल्हा झाला १९८२ मध्ये.

स्टुअर्टची तोफ ३७ मिलिमीटरची, त्याच काळी भारतीय सैन्यात असलेल्या शर्मनची ७५ ची. ह्या दोन्ही अमेरिकी रणगाड्यांत तोफेस उभ्या दिशेत स्थिर राखणारे गतिचक्र बसविलेले होते, म्हणजे गाडा खाचखळग्यांतून हिंदकळत असताही नळी आपली उंची राखण्याचा यत्न करी. हे यंत्र नाजूक होते आणि पुष्कळ रणगाडेस्वार त्याच्याकडे दुर्लक्ष करीत. तथापि बैठकीच्या इतिहासात त्याचे स्थान मोठे आहे. शर्मन काय किंवा दुसरे जुने रणगाडे काय, त्यांचे प्रत्यक्ष दर्शन ज्यास घ्यावयाचे असेल त्याने अहमदनगरचे रणगाडा संग्रहालय पाहावे. ते १९९४ मध्ये उघडले.

ह्यापुढील पायरी म्हणजे गाड्यातून माणूस बाहेर काढणे. निकोला टेस्लाने १८९८ मध्ये न्यूयॉर्क येथे बिनतारी लहरींनी चालणारी छोटी नौका लोकांस दाखविली; १९३९–४० च्या हिवाळ्यात सोव्हिएट सैन्याने फिनलंडविरुद्ध बिनतारी हुकमतीचे रणगाडे प्रत्यक्ष वापरले; आणि आपल्याकडे पुण्याजवळ दिघीच्या संरक्षण संशोधन संस्थेने बाँब निकामी करण्यासाठी ‘दक्ष’ हा दूरनियंत्रित गाडा तयार केला. परंतु ह्या विद्येचा सर्वांत मोठा प्रसार सैन्यात झाला नाही. तो झाला हौशी लोकांच्या टेबलावर, एकास सोळा प्रमाणाच्या नमुना-रणगाड्यांच्या रूपाने, ज्यांचे सांगाडे जपानची तामिया आणि चीनची हेंग लाँग ह्या कंपन्या विकतात. ह्या खेळण्यात चालू तोफ बसविण्याचा जो खटाटोप हौशी मंडळी करतात, तो पाहताना औशाच्या बुरुजावरील कारागिराची आठवण होते, कारण पेच तोच आहे. फक्त जागा मुठीएवढी झाली आहे.

पहिली अडचण मापाची. शर्मनच्या ७५ मिलिमीटर तोफेस सोळाने भागले असता छिद्र ४.७ मिलिमीटरचे येते, स्टुअर्टच्या तोफेचे तर २.३, उलट बाजारात मिळणारी प्लास्टिकची गोळी ६ मिलिमीटरची, म्हणजे खऱ्या मापात ९६ मिलिमीटरची. ह्यामुळे गोळी उडवावयाची तर नळी मापाहून जाड करावी लागते, आणि नळी मापाची ठेवावयाची तर गोळीवर पाणी सोडावे लागते. (मुलूख-इ-मैदानचा नमुना करणारास ही अडचण येणार नाही, तिचे तोंड सोळाव्या हिश्शातही चार सेंटिमीटरांहून मोठे राहील.) गोळी उडविण्याचे यंत्र मोठे चतुर आहे: विजेच्या छोट्या मोटारीने एक दातेरी चक्र फिरते, त्या चक्राच्या अर्ध्याच परिघास दाते असतात, ते दाते दट्ट्यास मागे ओढून स्प्रिंग आवळतात, आणि दाते संपताच दट्ट्या सुटून पुढे आदळतो, त्यापुढची हवा नळीत घुसते व गोळीस बाहेर फेकते. बुरुजात ही पेटी बसविली की नळी वर-खाली करणाऱ्या दांड्यास जागा उरत नाही. दांड्यास जागा ठेवली तर बुरुजाच्या तळातून जाणाऱ्या तारा बुरूज दोन-चार वेळा फिरताच पिळवटून तुटतात. मग तांब्याच्या कड्यांवर घासत फिरणारी जोडणी करावी लागते. दगडी उखळीत फिरणाऱ्या बेचक्यास निदान तारा नव्हत्या.

दुसरी गोष्ट धक्क्याची, आणि येथे चारशे वर्षांचा प्रवाह एकदम उलटा वाहू लागतो. प्लास्टिकच्या गोळीचे वजन ग्रॅमचा जेमतेम आठवा भाग, आणि नमुन्याचे वजन तीन-चार किलो. सुमारे ३० टनांच्या शर्मनमधून साडेसहा-सात किलोचा गोळा सुटताना जो हिसका बसतो त्याचा लवलेशही येथे उत्पन्न होत नाही. गोळी सुटते आणि नळी निर्विकार राहते. ज्याने खऱ्या तोफेचा बार पाहिला आहे, निदान चलच्चित्रात पाहिला आहे, त्याच्या डोळ्यास हे पटत नाही. म्हणून हौशी कारागीर नळी एका सरकत्या पाळण्यावर बसवितो, तिच्या मागे आणखी एक छोटी मोटार ठेवितो, आणि ती मोटार बाराच्या क्षणी नळीस झटक्याने मागे ओढून सावकाश पुढे सोडते. १८९७ च्या फ्रेंच तोफेत तेल व हवा जे काम धक्का गिळण्यासाठी करीत, तेच हालचालीचे चित्र येथे धक्का निर्माण करण्यासाठी रेखाटले जाते. काहीजण एवढ्यावर थांबत नाहीत. बार होताच दोन्ही पट्टे क्षणभर उलटे फिरवून सारा गाडाच मागे हिसकावला जाईल अशी योजना ते करतात. नळीच्या टोकास प्रकाशाचा दिवा आणि पोटात आवाजाची चकती बसवून गोळीला अजिबात रजा देणारेही पुष्कळ. त्यांच्या लढाया अदृश्य अवरक्त किरणांनी होतात, समोरच्या रणगाड्याच्या माथ्यावरील ग्राहकाने किरण टिपला की तो गाडा थरथरतो, आणि ठरावीक वार झाल्यावर त्याचे यंत्र आपोआप बंद पडते.

ह्यात सर्वांत अधिक वेळ जातो तो क्रम जुळविण्यात. खऱ्या तोफेत नळी मागे सरकू लागते ती गोळा अजून तिच्या पोटात असतानाच; उजेड, आवाज आणि हिसका ही तिन्ही जवळच्या प्रेक्षकास एकच घटना वाटते. नमुन्यात ती तीन निरनिराळ्या यंत्रांची कामे असतात, आणि मोटारीस वेग घेण्यास सेकंदाचा जो अंश लागतो तेवढ्याने हिसका मागे पडतो. त्यासाठी आवाज आणि दिवा मुद्दाम उशिरा सोडावे लागतात, आणि ते किती उशिरा सोडावेत हे प्रत्येक नळीच्या वजनाप्रमाणे वेगळे ठरते. पितळी नळी घातली तर एक हिशेब, प्लास्टिकची घातली तर दुसरा.